एका घासाचं सोप्पं काम

आमच्या घरात 'सोप्पं' हा शब्द उच्चारला गेला की मी आधी घरात आयोडेक्स आहे का ते बघतो. पुरणपोळ्या करायच्या असतील तर बायको काही न बोलता पहाटे उठते आणि दुपारी पोळ्या पानात पडतात. पण "या वेळी काहीतरी सोप्पं करू या" असं ती म्हणाली की त्या कामाला दोन दिवस, तीन पिढ्या आणि शेजाऱ्यांची परात लागते.

२०१५ साली रथसप्तमी २६ जानेवारीला आली होती. संक्रांतीपासून "करू, करू" म्हणत ज्यांनी हळदीकुंकू पुढे ढकललं होतं, त्या साऱ्यांना हा शेवटचा दिवस. त्यात प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. बायकोने चाळीस जणींना बोलावणं केलं. जबलपूरच्या गोलबाजार, राइट टाउन, नेपियर टाउन, गढा, सगळीकडून बायका येणार होत्या. गोलबाजारच्या मराठी माणसाला आमची रिछाई म्हणजे जवळजवळ परदेश. इथे कारखाने, लेथ, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ट्रकांचे भोंगे. माझंही पत्र्याच्या कामाचं छोटंसं वर्कशॉप इथलंच. एवढ्या लांब ज्या येणार, त्यांच्या हातावर नुसता तिळगूळ ठेवून कसं चालेल?

"मटारचे पॅटिस?" मी सुचवलं. जानेवारीत जबलपूरच्या बाजारात मटाराशिवाय दुसरं सुचतच नाही. पाटण, शहपुरा भागातून शेंगांची पोती अशी येत असतात की भाजीवाला आपल्याला शेंगांच्या ढिगामागूनच उत्तर देतो.

"तळण नको. छोटी छोटी सँडविचं करू. एका घासाची. मुंबईच्या वहिनी प्रत्येक पार्टीला करतात. गॅस नाही, तेल नाही, आदल्या रात्री करून ठेवायची. एकदम सोप्पं."

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण माणसाला आपल्या धंद्याची एक मस्ती असते. मी दिवसभर दोन दोन मिलिमीटरचा पत्रा कापतो. म्हटलं, "कापायचं काम माझ्याकडे. ब्रेड म्हणजे काय, पत्र्यापुढे चिल्लर."

"मग ठरलं," बायको म्हणाली, आणि माझं नाव मजुरांच्या यादीत गेलं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. माझे वडील व्हेइकल फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. १९६९ साली ती फॅक्टरी सुरू झाली, तेव्हापासूनचे. सैन्याचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप त्यांच्या नजरेखालून गेल्या. जोंगा हे नाव कुणा हत्तीचं किंवा नदीचं नाही. जबलपूरच्या ऑर्डनन्स आणि गन कॅरेज फॅक्टऱ्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून ते झालं आहे, हे ते घरी येणाऱ्या गॅसवाल्यालाही सांगतात. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण इन्स्पेक्शन काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. आमच्याकडे पोळी गोल आहे की नाही हे सुनेच्या नव्हे, व्हर्नियरच्या सांगण्यावरून ठरतं.

"लॉट किती?" अण्णांनी पेपर खाली ठेवून विचारलं.

"चाळीस बायका, प्रत्येकी चार. एकशे साठ."

"दहा टक्के रिजेक्शन धर. एकशे शहात्तर."

इथपर्यंत सारं माणसांत होतं. मग चिरंजीवांना देशभक्ती आठवली. तो तेव्हा आठवीत होता. "आई, सव्वीस जानेवारी आहे ना? तिरंगा सँडविच कर. आमच्या शाळेत सगळे आणतात." बायकोचे डोळे असे चमकले की मला आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून लपवावंसं वाटलं. वर केशरी म्हणून गाजर, मध्ये पांढरा चक्का, खाली हिरवी मटार-कोथिंबिरीची चटणी. तीन सारणं म्हणजे ब्रेडचे चार थर. चार स्लाइसच्या एका चळतीचे चौकोनी चार तुकडे. मी कागदावर हिशेब मांडला आणि पुन्हा मांडला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं: चार स्लाइसमध्ये चार घास, म्हणजे एका घासाला एक अख्खी स्लाइस. एकशे शहात्तर घासांना एकशे शहात्तर स्लाइस. एका पुड्यात वीस, त्यातले दोन टोकाचे बुंधे बाद. दहा पुडे.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने माझ्याकडे दोनदा पाहिलं. "दस? काए, लंगर है का?"

"हळदीकुंकू आहे," मी म्हणालो.

"हओ," तो म्हणाला. जबलपूरच्या या 'हओ'मध्ये होकार, सहानुभूती आणि 'तुमचं तुम्ही निस्तरा' हे तिन्ही येतं.

ताज्या ब्रेडचे दहा पुडे घरी आले आणि पहिली कळ तिथेच दाबली गेली. मुंबईच्या वहिनींना फोन लावला, तर त्या हसायलाच लागल्या. "ताजा कशाला आणलात? ताजा ब्रेड सुरीखाली दबतो. आदल्या दिवशीचा हवा." म्हणजे आम्ही चांगल्या, मऊ, नुकत्या भाजलेल्या ब्रेडला मुद्दाम शिळा करत ठेवायचं होतं. बायको तो फ्रिजमध्ये ठेवायला निघाली, तर वहिनी तिकडून ओरडल्या, "फ्रिजमध्ये नको! चिवट होतो." हे खरं आहे, पुढे मी वाचलंही. थंडीत ब्रेडमधला स्टार्च लवकर घट्ट होतो, म्हणून फ्रिजमधला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. आमच्याकडे मात्र ब्रेड खिडकीत ठेवला काय, फ्रिजमध्ये ठेवला काय, जानेवारीच्या रात्री फरक एवढाच की फ्रिजमध्ये दिवा असतो.

आमची आजी पावाला शिवत नसे. पोर्तुगिजांनी पाव आणला, तो विहिरीत टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगायची. मला लहानपणी तो प्रकार अतिशयोक्त वाटे. पंचवीस तारखेच्या रात्री घरभर पसरलेल्या एकशे ऐंशी स्लाइस पाहताना वाटलं, आजीचा आक्षेप धार्मिक नव्हताच मुळी. तिला कामाचा अंदाज होता.

अण्णांनी खिशातून व्हर्नियर काढला. "स्लाइसची जाडी अकरा ते तेरा मिलिमीटर. चार स्लाइसचे अठ्ठेचाळीस. सारणाचे तीन थर, चार-चार धर, बारा. एकूण साठ." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड म्हणतो ना!"

मी तोंड उघडलं. अण्णांनी ते मोजलं. पन्नाशीला टेकलेल्या मुलाचं तोंड मोजणारा बाप जबलपूरमध्ये दुसरा नसेल. "त्रेचाळीस," ते म्हणाले. "जॉब साठचा, होल त्रेचाळीसचं. नो-गो."

फॅक्टरीत गो आणि नो-गो असं गेज असतं. एका टोकाने भाग आत गेला पाहिजे, दुसऱ्या टोकाने जाता कामा नये. 'एका घासाचं सँडविच' या संकल्पनेला जगात पहिल्यांदा कुणी गेज लावलं असेल, तर ते आमच्या स्वयंपाकघरात, आणि गेज होतो मी.

उपाय वहिनींकडेच होता. "लाटण्याने लाटून घ्या. पातळ होतात."

बायकोने फोन ठेवला. लाटण्याकडे पाहिलं. ब्रेडकडे पाहिलं. आणि म्हणाली, "ब्रेडच लाटायचा, तर पोळ्याच केल्या असत्या की मी!"

त्या रात्री आम्ही ब्रेड लाटला. एकशे शहात्तर वेळा. ब्रेड पोळपाटाला चिकटतो, हे कोणत्याही पाककृतीत लिहिलेलं नाही, कारण ज्यांनी लाटला ते नंतर लिहिण्याच्या मनःस्थितीत नसतात. बायको लाटत होती, चिरंजीव मोजत होता, अण्णा दर दहाव्या स्लाइसला व्हर्नियर लावून "पास" म्हणत होते. एक फाटली तर त्यांनी तिच्यावर लाल पेनने फुली मारली. पुढे ती खायची होती, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मी मात्र निर्धास्त होतो, कारण माझ्याकडे गुप्त शस्त्र होतं. दुपारीच मी वर्कशॉपमध्ये स्टेनलेसच्या पत्र्याची एक चौकट बनवून घेतली होती. आत आडव्या-उभ्या दोन पात्या. चळतीवर ठेवायची, वरून दाबायची, चारही तुकडे एकदम, कडा बाहेर. साचाच म्हणा ना. माझ्या जुन्या फिटरने ती वेल्ड करताना विचारलं होतं, "काए भैया, जो का बन रओ?"

"सँडविच काटने का डाय."

त्याने हातातली काच खाली केली आणि बराच वेळ काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. बाहेर सैन्याच्या गाड्यांचे सुटे भाग करून देणाऱ्या वस्तीत एक माणूस कोथिंबिरीच्या चटणीसाठी डाय बनवत होता. "हओ," तो शेवटी म्हणाला.

तो साचा पहिल्या चळतीवर ठेवला आणि दाबला. पत्रा कापताना तो दबतो आणि तुटतो. ब्रेड दबतो, दबतो, दबतच राहतो आणि दाब काढला की मेलेला माणूस उठून बसावा तसा फुगून वर येतो. तुटत मात्र नाही. सारण तेवढं चारी बाजूंनी पळून गेलं. माझ्या शर्टावर तिरंगा आला, चळतीत उरला नाही. दुसऱ्यांदा मी साच्यावर उभा राहिलो. त्याचं वर्णन नको.

"बर येतोय कडेला," अण्णा म्हणाले. पत्रा कापल्यावर कडेला जी कूस राहते, ती म्हणजे बर.

शेवटी बायकोने माझ्या हातात दातेरी सुरी दिली, शेजारी गरम पाण्याचा पेला ठेवला. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, दाबायची नाही, करवतीसारखी ओढायची. पाणी गार झालं की पुन्हा तापवायचं. हे तंत्र चालतं, अगदी सरळ कापलं जातं. फक्त ते एकशे शहात्तर तुकड्यांना करायचं असतं, आणि 'गॅस नाही' या अटीवर सुरू झालेल्या कामात मध्यरात्री चौथ्यांदा गॅस पेटलेला असतो.

हे झालं कापण्याचं. पण ओलाव्यामुळे ब्रेड भिजू नये म्हणून त्याआधी प्रत्येक स्लाइसला कडेपर्यंत लोणी लावावं लागतं. लोणी पाण्याला आत येऊ देत नाही, हे त्यामागचं साधं कारण. उन्हाळ्यात जबलपूरमध्ये लोणी स्वतःच ब्रेडवर चालत जातं. जानेवारीच्या रात्री त्याची वीट होते. ती लावायला गेलं की लोणी जागच्या जागी आणि स्लाइस सुरीबरोबर. मग लोण्याची वाटी खोलीतल्या हीटरपुढे ठेवली. हीटरकडची बाजू वितळून तूप झाली, भिंतीकडची तशीच दगड. आमच्या जबलपूरच्याच हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाईंनी 'ठिठुरता हुआ गणतंत्र' लिहिलं ते दिल्लीच्या थंडीतल्या परेडवर. घरी बसून लोणी लावायला घेतलं असतं तर त्यांना दिल्लीपर्यंत जावंच लागलं नसतं.

रंगांचा प्रश्न तर सारणं करतानाच आला होता. आपण मनात म्हणतो, गाजर केशरी असतं. हिवाळ्यात आमच्याकडे येतं ते गाजर लालभडक. किसून चक्क्यात कालवलं तर ते गुलाबी झालं. गुलाबी, पांढरा आणि हिरवा असा कोणत्या देशाचा झेंडा असतो, हे चिरंजीवाने भूगोलाच्या पुस्तकात शोधायला घेतलं. बायकोने देवघरातून हळदीचा करंडा आणला आणि चिमूट चिमूट टाकायला लागली. तीन चिमटींनी गुलाबीचा केशरी झाला. कच्च्या हळदीचा वास मात्र असा, की जिभेवर ठेवलं की जखम बरी व्हावी.

हिरव्याचं दुःख वेगळंच. लिंबू पिळलं तर चटणीचा रंग टिकतो, हे आम्हाला माहीत होतं. पण लिंबाने पाणी सुटेल, असं बायकोचं मत पडलं. पांढऱ्यात कुरकुरीतपणासाठी काकडी घातली होती, तिला मीठ लावून पिळून घ्यायचं राहिलं, म्हणून पाणी सुटायचं ते काकडीचंच सुटलं आणि हिरव्यात उतरलं. इतकं होऊन रात्री दोन वाजता एकशे शहात्तर तिरंगी घास तीन परातींत उभे राहिले, आणि मी सांगतो, ट्यूबलाइटखाली ते फार सुंदर दिसत होते. वर ओलं फडकं टाकायचं, म्हणजे ब्रेड वाळत नाही. ओलं म्हणजे घट्ट पिळून ओलसर. मधली परात अण्णांनी झाकली. त्यांना वाटलं, ओलं म्हणजे ओलं.

मग झोपायला निघालेले अण्णा दारातच थबकले.

"एक विचारू? हा तिरंगा आहे ना?"

"हो अण्णा."

"मग खायचा कसा?"

आम्ही सारे गप्प. रात्री दोनला असले घटनात्मक प्रश्न कुणी विचारू नयेत. अण्णा पलंगावर बसले आणि सांगू लागले, की ध्वजसंहिता आहे, २००२ची, त्यात केशरी वरच असायला हवा, ध्वज जमिनीला लागता कामा नये. त्याला टूथपिक टोचायची? आणि मग चावायचा? शेवटी बायकोने तोडगा काढला. "अण्णा, हा तिरंगा नाही. हे तीन रंगांचं सँडविच आहे. मध्ये चक्र कुठाय?" अण्णांना हे पटलं. चिरंजीव मात्र चक्रासाठी मिऱ्याचे चोवीस दाणे मोजायला निघाला होता, त्याला कसंबसं पांघरुणात घातलं.

लोक सांगतात, की अठराव्या शतकात इंग्लंडात सँडविच नावाच्या गावचे एक उमराव होते. त्यांना जुगाराच्या टेबलावरून उठायचा कंटाळा, म्हणून त्यांनी दोन ब्रेडच्या मधे मांस घालून मागवलं आणि हा पदार्थ झाला. गोष्ट खरी की खोटी, त्यांनाच ठाऊक. पण गिबन नावाच्या इतिहासकाराने १७६२ साली आपल्या रोजनिशीत लोकांना सँडविच खाताना पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. एका आळशी माणसाला उठायला लागू नये म्हणून निघालेला पदार्थ रिछाईत येईपर्यंत चार जणांना रात्री दोनपर्यंत बसू देत नाही, याला प्रगती म्हणतात. कापून मिळणारा ब्रेड तर १९२८ साली अमेरिकेत आला. महायुद्धात, १९४३च्या जानेवारीत, तिथल्या सरकारने कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली आणि बायकांनी इतका आरडाओरडा केला की मार्चमध्ये ती उठवावी लागली. माझ्या मते सरकारने जरा घाई केली.

सव्वीसला सकाळी टीव्हीवर परेड. दिल्लीत पाऊस, पाहुणे म्हणून ओबामा. मी सोफ्यावर अर्धवट झोपेत. बघता बघता चिरंजीव ओरडला, "बाबा, ओबामा च्युइंगम खातायत!"

अण्णांनी निरखून पाहिलं. "याला म्हणतात एका घासाचा पदार्थ," ते म्हणाले. "एक घास, आणि सगळी परेड निघून गेली तरी संपला नाही. ना लाटायचा, ना कापायचा."

फडकी काढली. पहिली परात ठीक होती. तिसरीतला हिरवा थोडा काळपटला होता, लिंबाने सूड घेतला. मधल्या परातीतल्या वरच्या स्लाइसला ओल्या भिंतीसारखे पोपडे आले होते. अण्णांनी मान खाली घालून सोळा नग रिजेक्ट केले. अंदाजाप्रमाणे, दहा टक्के.

चार वाजता बायका यायला लागल्या. हळदीकुंकवात पुरुषांचं काम नसतं, म्हणून मी आणि अण्णा आतल्या खोलीत, पडद्यामागे. अण्णांनी पडद्याला एक फट ठेवली. "फील्ड ट्रायल," ते कुजबुजले.

पहिल्या काकूंपुढे ताटली गेली. "अगं बाई, किती सुंदर! पण आज माझा सोमवार."

दुसऱ्यांचाही सोमवार. तिसऱ्या म्हणाल्या, रथसप्तमीला मी मीठ खात नाही. शेजारच्या जैन भाभी फार प्रेमाने म्हणाल्या, "भाभीजी, इसमें गाजर है ना? हम जमीकंद नहीं लेते." कुणाला मैदा वर्ज्य, कुणाची कवळी. आम्ही तुकड्यांची जाडी, उंची, रंग, कोन, सगळं तपासलं होतं. खाणाऱ्यांचा वार तेवढा बघायचा राहिला होता. अगदी उपवासाच्या भाजणीची थालीपिठं केली असती तरी सोमवारवाल्या "चालतं बाई" म्हणाल्या असत्या. शिंगाड्याच्या पिठाची तर खात्रीच. आमच्या सिहोऱ्याकडे शिंगाडा पिकतोही चिकार.

ज्या खाणाऱ्या होत्या, त्यांनी वेगळंच दाखवलं. एका घासाचा पदार्थ चारचौघींत एका घासात खायचा नसतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. लिपस्टिक लावलेलं तोंड त्रेचाळीस मिलिमीटर उघडत नाही. ते फार तर बारा उघडतं. एका वहिनींनी त्या घासाचे पाच घास केले. दुसरीने कडेला कुरतडलं, तर खालून हिरवा सुटला आणि थेट मोतिया पैठणीवर. तिसरीने वरची स्लाइस अलगद काढून ठेवली, मग केशरी चाटून पाहिलं, मग उरलेलं रुमालात गुंडाळून पर्समध्ये. "मुलासाठी नेते," ती म्हणाली.

त्यात एकीने टूथपिक उलट्या बाजूने धरली. हिरवा वर, केशरी खाली.

अण्णा पडद्यामागे खाकरले.

तिला काही कळलं नाही. अण्णा पुन्हा, जरा मोठ्याने खाकरले. त्या बाईंनी घाबरून सँडविच ताटलीत ठेवलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "आत कुणाला बरं नाही का?" दर दहा मिनिटांनी कुणीतरी झेंडा उलटा धरायची आणि पडदा खाकरायचा. शेवटी तीन जणींनी मला बोलावून खोकल्याचं औषध सांगितलं. एकीने तर वाणात मिळालेलं गाळणंच पुढे केलं, "काढा गाळायला होईल."

सगळ्यांत मान द्यायला हवा तो गढ्याच्या एका मावशींना. सत्तरीच्या, नऊवारीतल्या. त्यांनी एक तुकडा उचलला, सबंध तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि दुसरा उचलला. अण्णांनी माझा हात घट्ट धरला. "गो!" ते म्हणाले. मावशींनी असे सात खाल्ले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सातव्यानंतर त्यांनी पदराने तोंड पुसलं, आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "हं, छान होतं तोंडात टाकायला. आता खायला काय केलंयस?"

बायकोने कमानिया गेटजवळून खोव्याची जलेबी मागवून ठेवली होती. काळी, रसरशीत, हाताला चिकटणारी. तिला ना कोन, ना रंगसंगती, आणि खाताना प्रत्येक जण बरबटतो. ती सात मिनिटांत संपली. सोमवारवाल्यांनीही खाल्ली, कारण खोवा उपवासाला चालतो.

सायंकाळी मोजदाद केली. एकशे साठ पैकी एक्क्याऐंशी उरले. अण्णांनी आकडा वहीत लिहिला आणि शेजारी लिहिलं, 'मालात दोष नाही. ग्राहक अयोग्य.'

सत्तावीसला मी डबा भरून वर्कशॉपला नेला. फिटरने एक उचललं, चहूबाजूंनी फिरवून बघितलं. उलटं धरलं होतं, पण अण्णा तिथे नव्हते. तोंडात टाकलं. दुसरं टाकलं. बारा झाले. "अच्छो है भैया," तो म्हणाला. मग हात धुतले, सायकलच्या हँडलला लटकावलेला डबा काढला, चार जाड पोळ्या आणि आलू-मटर उघडून मांडी घातली आणि मला म्हणाला, "चलो, अब रोटी खा लें."

माझी ती स्टेनलेसची चौकट तिथेच खिळ्याला आहे अजून. चार खण असल्यामुळे नट आणि वॉशर छान राहतात.

खरा प्रश्न मात्र कडांचा होता. एकशे शहात्तर स्लाइसच्या चारी बाजू आणि वीस बुंधे, दोन पोती भरली. अन्न टाकायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. म्हणून मंगळवारी कडांचा उपमा झाला. बुधवारी कडा तळून चिवडा. गुरुवारी फोडणीच्या कडा, म्हणजे फोडणीची पोळी पण ब्रेडची. शुक्रवारी कडा दह्यात. मग त्या वाळवून चुरा केला आणि त्यात घोळवून कटलेट झाले, कटलेटला चुरा कमी आणि चुऱ्याला कटलेट कमी अशी पुढचे दोन आठवडे तारांबळ. अण्णा ताटात बघून फक्त "स्क्रॅप" म्हणत आणि खात. चिरंजीव शाळेत डबा उघडायच्या आधी मित्रांजवळून उठून जागा बदलायला लागला.

१७ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांनी उपवास धरला. चिरंजीवाने आयुष्यात पहिल्यांदा. अण्णा तर डायबेटिसवाले, त्यांना डॉक्टरांनी उपवासाला सक्त मनाई केलेली. तेही सकाळी सातलाच आंघोळ करून, भस्म लावून, आईच्या जुन्या पाटावर येऊन बसले.

"अण्णा, तुम्ही नका करू," बायको म्हणाली. "तुमच्यासाठी मी काहीतरी सोप्पं..."

"गप!" अण्णा म्हणाले.